पाट्यापर्यंत पाणी

ये गं, जरा जवळ सरक. कागदावरून बोलावते आहे म्हणून काय झालं, माझा हात तुझ्या मनगटावर आहे असं समज, आणि आधी मला चार शब्द बोलून घेऊ दे. गेल्या महिन्यात तू गावात येऊन गेलीस. तुझ्या हापिसाची गाडी घाटावर उभी होती, तू डोक्यावर पिवळी टोपी घालून फिरत होतीस, हे मला दूधवाल्याकडून कळलं. दूधवाल्याकडून! आजीचं घर तिथून चालत पाव तास. पोहे करून ठेवले असते. ते राहू दे. वर तू मला फोनवर फोटो पाठवलास. घाटावरचा शेंदूर लावलेला दगड, त्याला टेकवून उभी केलेली तुमची मोजायची लाल-काळी पट्टी, आणि खाली लिहिलंस, 'आजी, नव्या पुलासाठी जुन्या पुराची खूण सापडली!'

मला पोह्यांचा राग आला नाही गं. मला त्या पट्टीचा राग आला.

त्याच दगडावर तशीच पट्टी टेकवलेली मी पन्नास वर्षांपूर्वी पाहिली आहे. त्या पट्टीनं आमची आळी बुडवली आणि माझ्या सासूला पायाखाली घातलं. तू इंजिनिअर झालीस, मला तुझा अभिमान आहे, पण इंजिनिअरला दगड कुणी दाखवला हे आधी विचार. गावातल्या पुरुषांनीच दाखवला ना? मग ऐक.

आता त्या पुलाला गावाची शान म्हणतात. कठड्याला रंगीत दिवे लावलेत, लग्न ठरलेली पोरंपोरी तिथं फोटो काढायला जातात, शिर्डीला जाणाऱ्या गाड्यासुद्धा क्षणभर थांबतात. दिसायला देखणाच आहे, नाही कोण म्हणतं. नऊ गाळे, काळ्या दगडाचे खांब, प्रत्येक खांबाला पाणी येतं त्या अंगाला काढलेलं टोकदार नाक. पूल नको म्हणणारी मी नव्हते. पूल नव्हता तेव्हा नदीत नुसती ओलांडायची फरशी होती, गुडघाभर उंचीची. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी गेलं की पलीकडचं माणूस पलीकडं. पलीकडं अडलेल्या बाळंतिणी या काठाचा दवाखाना नुसता बघत राहायच्या. त्यामुळं पूल होणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद बायांना झाला होता.

मोजणीला साहेब आले तेव्हा मी घाटाच्या खालच्या पायरीवर धुणं धूत होते. दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. तरुण साहेब, नुकता नोकरीला लागलेला, बोलायला सरळ. बरोबर गावातली दहा-बारा मोठी माणसं. त्यांच्यात माझे सासरे, म्हणजे तुझे पणजोबा, सगळ्यांच्या पुढं. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. आमचं घर नदीकाठी, खालच्या आळीत, त्यामुळं नदीची गोष्ट निघाली की मामंजींशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही असा गावचा रिवाज.

साहेबांनी विचारलं, "आजवर सगळ्यात मोठं पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

"त्यात काय इचारायचं साहेब," मामंजी म्हणाले, "पूरदेवी हाय की. तिच्या पायाला लागलं आन् माघारी फिरलं. तिच्या वर पानी गेलेलं आमच्या बापानंबी पाह्यलं न्हाई."

"नक्की?"

"नदी माझ्या दारात हाय साहेब, तुमच्या न्हाई."

सगळे हसले. साहेबही हसले. ते पट्टी घेऊन दगडाजवळ गेले तसं मागून कुणीतरी ओरडलं, "बूट काढा, देवी हाय ती!" बिचाऱ्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी उभं राहून शेंदराच्या कडेला पट्टी टेकवली. लांब तीन पायांच्या दुर्बिणीतून दुसऱ्यानं आकडा वाचला. आकडा वहीत गेला. मी धुणं आपटत राहिले. वहीत गेलेल्या आकड्याचं पुढं काय होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला तर अक्षरसुद्धा येत नव्हतं.

आता ती पूरदेवी म्हणजे काय, हे सांगते. तू फोटो काढलास पण हात लावून पाहिलं नसशील. ती मूर्ती नाही. पाटा आहे, वाटणाचा पाटा. शेंदराचा थर जिथं पातळ आहे तिथं बोट फिरव, छिन्नीनं मारलेले टाकीचे घाव अजून लागतात. नवी नवरी म्हणून मी पहिल्यांदा तिची ओटी भरली तेव्हा माझ्या बोटाला ते लागले, आणि घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या माझ्या केसांना तेल लावत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, देवीच्या अंगावर टाकी कुणी मारली हो?" त्यांचा हात माझ्या डोक्यावर तसाच थांबला.

मग त्यांनी सांगितलं. त्या नव्या लग्न होऊन आल्या त्या साली मोठा पूर आला होता. खालची आळी सगळी पाण्यात. माणसं वरच्या आळीत चढून बसली. तिथं एका अंगणात पाटा पडला होता. पाणी चढत चढत त्या पाट्याला येऊन टेकलं, आणि उतरायला लागलं. त्या दिवसापासून त्या पाट्यावर कुणी चटणी वाटली नाही. बायांनी हळदकुंकू वाहिलं, शेंदूर फासला, आणि दर पावसाळ्यात नदीला लाल पाणी आलं की त्याची खणानारळानं ओटी भरायची असं ठरलं. देवी बायांची. पुरुष फक्त खोबऱ्याचे धनी.

पुढं त्या घरच्या मालकानं अंगणाला भिंत घातली. बाया ओटी घेऊन गेल्या की दार उघडायचं नाही. "माझं घर हाय का धर्मशाळा?" म्हणायचा. दोन वर्षं बायांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी एका बाजाराच्या दिवशी पुरुष सोनईला गेले होते, मालक पण गेला होता. भर दुपारी आत्याबाई आणि आणखी चौघी आत शिरल्या, पाटा सतरंजीत घातला, पाचजणींनी उचलून आळी उतरून घाटावर आणला आणि चुन्यात पक्का बसवला. पाण्याजवळ, जिथं कुणाच्या दाराची कडी वाजवावी लागणार नाही अशा जागी.

"मग पुरुष काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

"पुरुषान्ला काय दिसतंय गं," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांनी कुनाचं तरी ध्यान गेलं, तर त्याला वाटलं ती तिथंच हुती. दगड खाली आला तसा त्येंच्या ध्यानातला पूरबी खाली उतरला. मालकानं तेवढी वळखली असती, पर तो तवर घर इकून नगरला गेला."

आम्ही दोघी हसलो. पण त्यांचं हसू लगेच विझलं. त्याच श्रावणात त्यांचा थोरला मुलगा तापानं गेला होता. सहा वर्षांचा. तुझ्या आजोबांचा मोठा भाऊ.

"मी तिला उचललं, तिनं माझं उचललं," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या मामंजीलाबी म्या हे सांगितलेलं न्हाई. त्या चौघीतली आता एकबी राहिली न्हाई. तू कुनाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी गळ्याची शपथ घेतली. अठरा वर्षांची होते. शपथ घ्यायला काय लागतं त्या वयात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नदी अशी कोरडी पडली की पात्रात पोरं गोट्या खेळायची. सरकारनं म्हटलं, पाया खणायला हीच वेळ, आणि पुलाचं काम दुष्काळी कामात घेतलं. आम्ही सगळ्या बाया कामावर. कुणी खडी फोडायचं, कुणी घमेली वाहायची. तुझी आई तेव्हा सहा महिन्यांची होती, बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपायची. माझ्या वाट्याला पाणी मारायचं काम आलं. काँक्रीट ओतलं की त्याच्यावर गोणपाट टाकायचं आणि ते पंधरा-वीस दिवस ओलं ठेवायचं, हे तुला मी काय सांगू. पण तुम्हाला पुस्तकात हे शिकवलं नसेल: नदीच्या तळाशी खणलेल्या एका झिऱ्यातून मी दिवसभर पाणी शेंदत होते आणि ते खांबांवर ओतत होते, आणि घरी माझ्या पोरीच्या दुपट्याला धुवायला तांब्याभर पाणी नव्हतं. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, दोन दिवसांआड. पूल आमच्यापेक्षा जास्त प्यायचा. मुकादम वर उभा राहून म्हणायचा, "अगं हात सैल सोड, खांब तान्हेला हाय!" मी मनात म्हणायची, मीही आहे की रे, माझ्याकडं बघ.

साहेब तेच, मोजणीचे. दुपारच्या सुट्टीत ते सिमेंटच्या गोण्यांवर निळा नकाशा पसरून बसायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, खांबांना नाकं कशाला काढलीत?" त्यांना आवडलं. दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. म्हणाले, पाणी फोडायला, नाहीतर नुसती धडक बसते. मग त्यांनी सगळंच सांगितलं. खांबाच्या दगडात चुना नाही, सिमेंट आहे. वरचा रस्ता एकसलग नाही, तुकड्यातुकड्यांचा आहे आणि दोन तुकड्यांत बोटभर फट आहे, कारण उन्हानं काँक्रीट फुगतं. कठड्याच्या बुडाला भोकं आहेत, पाऊस निथळायला. मला सगळं समजत होतं. घरातलं बांधकाम समजावं तसं समजत होतं.

"आणि उंच किती जाणार?"

त्यांनी घाटाकडं बोट केलं. "तुमच्या देवीच्या वर चार हात. मोठ्या पुरात झाडं वाहून येतात. ती पुलाखालून निघून गेली पाहिजेत. अडकली की पुलाचं धरण होतं, आणि पाणी गावात वळतं."

मी घाटाकडं पाहिलं, मग वरच्या आळीकडं पाहिलं. पाटा आधी जिथं होता ती जागा घाटावरच्या पाट्यापासून एक पुरुषभर, म्हणजे चार हात, उंच होती, जास्तच पण कमी नाही. तू हिशोब कर. मोठं पाणी आलं तर ते पुलाखालून जाणार नाही, पुलाला धडकणार. आणि वळणार कुठं, तर खालच्या आळीत. माझ्या दारात.

तीन दिवस मी गप्प राहिले. आत्याबाई ताटात भाकरी वाढायच्या आणि मी खाली मान घालून ती कुस्करत बसायची. खांब रोज चढत होते. कमरेला आले, मग छातीला आले. चौथ्या दिवशी मी पाणी मारता मारता कळशी खाली ठेवली आणि साहेबांना सगळं सांगितलं. शपथ मोडली. मुलाचं तेवढं सांगितलं नाही.

साहेबांनी निळा नकाशा जवळ ओढला. मग म्हणाले, "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"न्हाई. आत्याबाईंनी केलं ते."

"मग त्यांनी सांगायला हवं. खांब अजून वाढवता येतील, मी वर लिहीन. पण त्यांच्या तोंडून हवं, बाई. ऐकीव बोलण्यावर नकाशा बदलत नाही."

ते त्याच दिवशी घरी आले. ओसरीवर मामंजी, आणि नेमका पेठेतला एक दुकानदार आलेला. साहेबांनी गोष्ट काढली. दुकानदार आधी बोलला. "पूल उंच करायचा म्हंजी दोन्हीकडं भराव आला. माझं दुकान भरावाच्या पोटात जाईल. कुनी काढलं हे खूळ?"

मामंजींनी माझ्याकडं पाहिलंही नाही. साहेबांनाच म्हणाले, "साहेब, ही पोर तिसगावची. तिकडं नदी न्हाई, वढा हाय. पूर म्हंजी काय तिला काय ठावं? तिच्या माहेरी म्हशीनं अंग झाडलं तरी पूर आला म्हनत्यात."

दोघं हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "घरातल्या बाईंना विचारतो." आत्याबाईंना उंबऱ्याशी बोलावलं. त्या आल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी आत माठाजवळ उभी होते, तिथून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"आजी, घाटावरची देवी आधीपासून तिथंच होती का?"

मला वाटलं आता बोलतील. त्यांच्या पाठीवरचा पदर हलला. मी देवाला म्हटलं, एकदा, एवढं एकदा.

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "पहिल्यापासनं तिथंच हाय."

साहेबांनी वही मिटली. जाताना त्यांनी एकदा आत माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही पाहिलं, तेच जास्त लागलं. मला तेव्हा लिहिता येत असतं ना, तर मी त्यांच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं असतं, की पाटा वर होता. पुढं तुझी आई शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर मी तिच्याबरोबर अक्षरं गिरवली. लोकांना वाटलं हौस आहे. हौस नव्हती गं.

त्या संध्याकाळी आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाल्या, "तुला पोटची मानली हुती." मीही बोलले नाही. बोलले असते तर वाईट बोलले असते.

दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवून तिसगावला धाडलं. तुझे आजोबा बसवायला आले होते. गाडी सुटेपर्यंत खिडकीचे गज धरून उभे राहिले. बोलले काही नाहीत. त्या घरात बोलायचं काम एकट्या मामंजींचं होतं. तिसगावला काय, तिथंही दुष्काळ, तिथंही नालाबांधाचं काम, मजुरीबरोबर मिळणारी तीच कोरडी सुकडी. वर्षभरानं मला परत आणलं तेव्हा पूल उभा होता. एवढा देखणा, की मी एसटीतून उतरून बघतच राहिले, आणि माझ्या तोंडात कडू आलं.

पुलाचं उद्घाटन मोठं झालं. मांडव, बँड, मंत्री. नदीचा जाणकार म्हणून मामंजींना शाल आणि नारळ दिला. साहेबांची बदली आधीच झाली होती. ज्या बायांनी घमेली वाहिली त्या बायांना मांडवाच्या मागं बसवलं होतं, चपलांजवळ. आत्याबाईंनी पुलाच्या पहिल्या खांबाला हळदकुंकू लावलं. मला म्हणाल्या, "तूबी लाव." मी म्हटलं, "त्याला मी लई पानी पाजलंय, माझं झालं." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नंतर दुसऱ्या पावसाळ्यात पूर आला.

भर सकाळी आला. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा, मग आवाज. तासाभरात घाट बुडाला, पाटा बुडाला, आणि लाल पाणी पुलाच्या पोटाला लागलं. मग झाडं आली. बाभळी मुळांसकट, कडब्याच्या गंजी, कुणाचं तरी छप्पर. पुलाखालून जायला जागा नव्हती. ती एकावर एक आडवी पडली, नऊच्या नऊ गाळे तुंबले. साहेबांनी गोण्यांवर बसून सांगितलं होतं अगदी तसं. नाकं होती की, पण त्या नाकांनी पाणी कुठवर फोडायचं? पूल हलला नाही. पक्का होता, मीच पाणी पाजलं होतं. तो उभा राहिला आणि नदी आमच्या आळीत वळवली.

माणूस एक गेलं नाही, दिवस होता म्हणून. आम्ही सगळे वरच्या आळीत पळालो. तुझी आई माझ्या पाठीला बांधलेली. खालच्या आळीतल्या भिंती मातीच्या. आधी फुगल्या, मग बसल्या. आमची म्हैस दावणीलाच राहिली. मामंजी चौकात उभे राहून एकच म्हणत होते, "एवढं पानी कधी आलं न्हवतं. कधीच आलं न्हवतं." शालीचा मान मिळालेला माणूस, त्याला दुसरं काय म्हणता येणार?

आत्याबाई एका किराणा दुकानाच्या पायरीशी थांबल्या होत्या. मी हाताला धरलं, "चला वर." त्या हलेनात. पायरीच्या डाव्या अंगाला टाच रोवून म्हणाल्या, "हितं थांबंल ते."

तेव्हा मला कळलं, की भिंत घातलेलं ते अंगण हेच. घर विकल्यावर तिथं दुकान झालं होतं.

पाणी आलं, त्यांच्या टाचेला लागलं. आम्ही दोघी बघत होतो. पण ते थांबलं नाही. मागच्या वेळी नदीला आडवा पूल नव्हता, आता होता. पाणी पायरी चढलं, दुसरी चढलं, दुकानात शिरलं. मी त्यांना ओढून वर नेलं. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. त्यांची देवी त्या दिवशी गेली.

आठ-दहा दिवसांनी मारुतीच्या पारावर माणसं जमली. घरं कुठं बांधायची, कुणाकडं अर्ज करायचा, असं चाललं होतं. बाया कडेला बसलेल्या. आणि आत्याबाई उठल्या. साऱ्या आयुष्यात त्या पारावर पुरुषांत बोलल्या नव्हत्या.

"देवी वर हुती," त्या म्हणाल्या. "मी खाली आनली. साहेब घरी आला तवा मी खोटं बोलले. सूनबाईचं खरं हुतं."

मला वाटलं, आता समजेल यांना. आता कुणी तरी म्हणेल, म्हणजे आकडा चुकला, म्हणजे पूल ठेंगणा झाला, सरकारला कळवू.

एक म्हातारा गुडघ्यावर हात आपटून म्हणाला, "तरीच!"

"तरीच देवी कोपली!" दुसरा म्हणाला.

झालं. एका शब्दात पूल सुटला, नकाशा सुटला, भराव नको म्हणणारा दुकानदार सुटला. मामंजीसुद्धा सुटले. बाईनं देवी हलवली म्हणून पूर आला. पारावरच्या एकाही माणसानं विचारलं नाही, की वर म्हणजे नक्की कुठं? तेवढा एक प्रश्न. मामंजी बायकोकडं असं बघत होते जसं पहिल्यांदाच बघतायत. थोरल्या मुलाचं त्यांच्या ध्यानात आलं असणार. श्रावण कुठला, बाजार कुठला, जुळवलं असणार. त्यानंतर त्यांनी आत्याबाईंच्या हातचं पाणी घेतलं नाही. तांब्या मी नेऊन ठेवायचा.

देवीची शांत करायची ठरली. आत्याबाईंनी अकरा सोमवार अनवाणी जाऊन पाट्यावर घागर ओतायची. पाटा पुरात हललाही नव्हता, तुझ्या पणजीनं चुना चांगला लावला होता. तोवर आम्हाला वर माळावर पत्र्याची घरं मिळाली होती. तिथून घाट लांब. त्या जायच्या, आणि आळीतल्या ज्या बायांना त्यांनी घाटावर देवी आणून दिली, त्या दारातून म्हणायच्या, "निघाली बघा, घरं बुडवून."

आता तुला एक सांगते, जे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी पारावर मी उठून बोलायला हवं होतं. पाणी देवीनं नाही अडवलं, पुलानं अडवलं, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मी उठले नाही. 'सूनबाईचं खरं हुतं' हे ऐकून मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं गिळलेलं एकदम थंड झालं, आणि मी तो थंडावा चाखत बसून राहिले. तेवढ्यात पारावरच्यांनी आत्याबाईंना धरलं. पुढं मी बोलले, किती वेळा बोलले. पण तोवर ठरून गेलं होतं.

अकराव्या सोमवारी मी त्यांची घागर घेतली आणि बरोबर गेले. येताना त्यांनी मला वरच्या आळीनं नेलं. त्या दुकानाच्या पायरीशी थांबल्या, डाव्या अंगाला, खालून दुसऱ्या दगडावर टाच ठेवली आणि म्हणाल्या, "मुळातलं पानी हितवर. तू टाच ठिव. डोळ्यानं इसरशील, टाचंनं न्हाई इसरनार." मी चप्पल काढून ठेवली. दगडाला तिथं एक खळगा आहे, अंगठा बसेल एवढा. त्यानंतर दीड वर्षानं त्या गेल्या. त्यांनी मला माफ केलं की नाही, मी त्यांना केलं की नाही, यावर आमच्यात शेवटपर्यंत कधी बोलणं झालं नाही.

पूल आहे तिथंच आहे. दर मोठ्या पाण्यात त्याच्यावरून पाणी जातं, दोन दिवस वाहतूक बंद, मग होस पाइपनं धुतात आणि दिवे लावतात. आता म्हणे शेजारी नवा, चार पदरी. चांगलं आहे. पण तुमच्या हापिसातल्या पोरांना पुन्हा तोच पाटा दाखवलाय, पुन्हा तसंच छातीवर हात ठेवून, 'हिच्या वर पाणी गेलं न्हाई.' ह्यांच्या डोळ्यांदेखत किती वेळा गेलंय, तरी! पूर येतो तो देवीच्या रागानं, आणि खूण असते ती देवीच्या पायाशी. दोन्ही एकाच तोंडानं.

त्या किराणा दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. खालच्या पायऱ्या जुन्याच आहेत, पण दुकानदार म्हणतो दिवाळीआधी फरशी बसवणार. मी त्याला सांगितलं, थांब थोडा. तो म्हणाला, "आजी, दगडात काय ठेवलंय?" काय सांगू त्याला?

तर पोरी, तुझं हापिस, तुझ्या मिटिंगा, सगळं मला कळतं. पण फोटोवर भागणार नाही आणि फोनवर तर नाहीच. तू ये. पट्टी आण, दुर्बीण आण, आणि लिहून घ्यायला तुझा साहेब असेल तर त्यालाही आण, मी त्याच्यासमोर बोलेन, आणि माझ्या हातानं लिहूनही देईन. मला हाताला धरून वरच्या आळीपर्यंत ने, आता एकटीनं तो चढ होत नाही. खालून दुसरा दगड, डावं अंग. मी टाच ठेवीन, तू पट्टी टेकव. पोहे आल्यावर. फक्त दिवाळीची वाट बघू नकोस, ह्या रविवारीच ये.